बाराशे ओळखपत्रं

बोर्ली पंचतनच्या छापखान्यात प्राप्ती आणि दयारामकाका शेजारी बसून शाळांची ओळखपत्रं जुळवत. प्रत्येक मुलाचा फोटो चौकटीत बसवायचा, नाव टाकायचं, फाईल वेगळी काढायची, असं एकेका मागणीला बाराशे वेळा. काकांनीच तिला हे काम शिकवलं होतं. यंदा त्यांचं मनगट सुजलं, माउस धरवेना, तरी ते पट्टी बांधून येत राहिले. प्राप्तीला बघवेना. तिने आठवडाभर घरी खटपट करून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादी आणि फोटो दिले की सगळी ओळखपत्रं आपोआप तयार व्हायची. हौसेने तिने ती थेट शेठनाच चालवून दाखवली. बाराशे फाईली अकरा मिनिटांत निघाल्या. शेठ दोघांनाही शाबासकी देतील असं तिला वाटलं होतं. शेठ खूश झाले आणि काकांकडे वळून म्हणाले, "दयारामभाऊ, सोमवारपासून नाही आलात तरी चालेल." "शेठ, मी हे काकांच्या हातासाठी केलं," प्राप्ती कळवळून म्हणाली. "मग आता त्या हाताला आरामच आहे की," शेठ हसले. काका डबा पिशवीत घालून निघाले. ती रडत पायरीपर्यंत त्यांच्यामागे धावली. "काका, माझं चुकलं." "मला आधी इचारायचं व्हतंस, पोरी," ते चपला घालत म्हणाले. "असली स्क्रिप्ट मी दोन वर्सांमागंच बनवलीय. दोघांनाबी काम राहावं म्हनून कुनाला दाखवली न्हाय."