घोड्यावरचा सोळावा

"देव काय दुसऱ्याच्या हातात देत्यात व्हय?" गोजरबाईंनी देव्हाऱ्यापुढं ठाण मांडलं. ऐंशीच्या घरातल्या गोजरबाई एकदा बसल्या की त्यांना हलवायला ट्रॅक्टरच लागतो, हे आख्ख्या गावाला माहीत होतं.

"हातात नको, आजी. नुसती कड बघू द्या." आरोही दहावीतली, पण तीही काही उठायला तयार नव्हती.

रस्त्यापलीकडं, शाळेच्या भिंतीशी, नवा काळा दगड उभा होता आणि नावं कोरणाऱ्या संगप्पाचं मशीन त्यावर घरघरत होतं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या गावातून एक पाटी तेवढी वर आणलेली होती: 'या गावातून १९ माणसे १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेली. त्यांपैकी ३ मेली.' बस्स. नाव एकाचंही नाही. मेलेल्या तिघांची नावं आरोहीला सरकारी यादीत लगेच सापडली. जे सोळा जण जिवंत परत आले, त्यांची मात्र कुणी लिहूनच ठेवली नव्हती. ती तिनं दारोदार फिरून, लोकांच्या ट्रंका उघडायला लावून, आतल्या पदकांच्या कडेवर कोरलेली नावं वाचून गोळा केली. झाली पंधरा. संगप्पा आता पंधराव्या नावावर होता, आणि दुपारच्या एसटीनं तो अक्कलकोटला निघणार होता.

"आजी, तुमचे आजेसासरे तीन वर्षं गावात नव्हते ना?"

"नव्हते की. जेजुरीला देवाच्या सेवेत व्हते. येताना ह्यो देव घिऊन आले. सासूबाई सांगायच्या."

आरोहीनं देव्हाऱ्यात वाकून पाहिलं. गावातल्या बाकी घरांतले टाक पातळ पत्र्याचे, चौकोनी. हा गोल, रुपयाहून मोठा, चांगला जाड. वर तुटलेल्या कडीची खूण. घोडा होता, घोड्यावर स्वार होता, ट्रंकांतल्या पदकांवर होता तसाच.

"खंडोबा आहे, तर म्हाळसा कुठंय?"

"घरी ऱ्हायली आसंल. लढाईला कोन बायकू घिऊन जातं?"

"आणि देवाच्या अंगावर कापड कसं नाही?"

"झिजलं आसंल. शंभर वर्सं रोज आंगूळ घातल्यावर तुझं तरी ऱ्हाईल का?"

आरोहीला हसू आवरेना. "आणि मागच्या बाजूला मुंडकं आहे ना, ते कुणाचं?"

"राक्षसाचं. देवानं मारलेल्या."

"आजी, तो इंग्लंडचा राजा आहे!"

"मग माझं काय चुकलं?"

तेवढ्यात मशीन थांबलं. सरपंच इंद्रजीत दारात येऊन उभे राहिले. "आरोही, सापडलं का न्हाय? नसंल तर खाली 'आणि इतर एक' टाकून मोकळं होऊ. संगप्पाला जायचंय."

"इतर म्हंजी कोन?" गोजरबाईंनी विचारलं.

आरोहीचा आवाज खाली आला. "म्हणजे कुणीच नाही, आजी. गेला, लढला, परत आला, आणि कुणीच नाही."

गोजरबाई देव्हाऱ्याकडं वळल्या. मग त्यांनी स्वतःच देव उचलला, कपाळाला लावला, "चुकलं-माकलं पदरात घे," असं पुटपुटल्या आणि चिमूटभर रांगोळी घेऊन कड घासू लागल्या. थरावर थर साठलेला भंडारा निघाला. बोटं पिवळीधमक झाली. खालून चांदी उजळली, आणि चांदीत अक्षरं.

"मी धरते. तू वाच. हात लावू नगं."

आरोहीनं नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं. "हे शिपाई. मग आर, ए, एम... परत ए, आर, आय." ती थबकली. "रामारी? असं कुठं नाव असतं का?"

गोजरबाई म्हणाल्या, "मधलं अक्षर खाल्लंय."

"कुठलं? मग पूर्ण नाव काय?"

"त्ये मी घेत न्हाय. आजेसासऱ्यांचंच नाव आमच्या मालकांना ठिवलं. मालक गेलं, तरी न्हाय घेतलं."

आरोहीनं वळून उघड्या दारावरच्या, मालकांच्या नावाच्या जुन्या पाटीकडं पाहिलं. तिचे डोळे हे एवढे मोठे झाले.

"म्हंजी जेजुरीला न्हवते गेले म्हनायचं," गोजरबाई म्हणाल्या.

"नाही आजी. बाकीच्यांबरोबर बोटीनं गेले, समुद्रापार. लढाईला."

"आन येवढ्या लांबनं आले, तर येका शब्दानं बोलले न्हाईत."

त्यांनी देव पुसला. होता तिथंच ठेवला, घोड्याची बाजू वर. रोजच्यासारखा भंडारा वाहिला.

आरोहीनं हळूच विचारलं, "अजून पुजणार, आजी?"

"का म्हून न्हाय? लढून घरी आला की. खंडोबानं तरी दुसरं काय केलं?"

दारात संगप्पा आला. पापण्यांपर्यंत दगडाचा पांढरा भुगा. "अव्वा, खाली एक ओळ सोडलीय. काय लिहू?"

आरोहीनं तोंड उघडलं. गोजरबाईंनी पिवळा हात वर करून तिला थांबवलं. डोईवरचा पदर नीट केला आणि उंबऱ्यापर्यंत आल्या.

"रामहरी," त्या म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं की सरपंचांनी चमकून मान वर केली.

संगप्पा खिशातला खडू शोधू लागला.

"नीट ऐक. साठ वर्सांत पयल्यांदा तोंडातनं निघालंय. सायबानं चुकवलं तर चुकवलं, तू चुकवू नगंस."