हातभर गवत

"वळचणीला ठेव. पागोळ्या पडतील त्याच्या अंगावर. देवाच्या हातचं तेवढंच पाणी त्याच्या नशिबी."

सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण हा आवाज बिशेन्ताच्या कानातून गेला नव्हता. भिंतीपलीकडे जेसीबी घरघरू लागलं, तेव्हा त्या घरघरीतूनही तो आला. ती अर्धा सोललेला बटाटा आणि सुरी हातात घेऊनच बाहेर धावली आणि यंत्रापुढे, घराला पाठ लावून उभी राहिली.

"काकू, बाजूला व्हा," पुतण्या कोल्दो म्हणाला. "चर मारायचाय. आमच्या बाजूची चार घरं करतोय, म्हणजे चार न्हाणीघरं. त्यांचं पाणी काय छपरावरून उडवू?"

"दुसरीकडून ने."

"दुसरीकडं खडक आहे. आमच्या खापरपणज्यानं मऊ माती सगळी तुमच्याच बाजूला ठेवली, त्याला मी काय करू? आणि सुरी खाली करा आधी. हा माणूस घाबरून पळाला तर चर तुम्हालाच मारावा लागेल."

जेसीबीवाला हसला. बिशेन्ता हसली नाही.

सागास्तीचं हे दगडी घर साडेतीनशे वर्षं एकसंध होतं. खाली गुरं, वर माणसं, माळ्यावर गवत. पुढची कमान एवढी रुंद, की भरलेली बैलगाडी कुठेही न घासता आत जायची. आता त्या कमानीच्या मधोमध भिंत होती. डावं दार बिशेन्ताचं, उजवं तिच्या धाकट्या जावेचं, इनाशीचं. चूल एकीकडे गेली होती, भट्टी दुसरीकडे. दोघींचा धूर मात्र अजून एकाच धुराड्यातून निघायचा.

घर दुभंगायचं नाही, असं सासरा पाव कापता कापता बजावायचा. "ज्याच्या खोलीत पहिला पाळणा हलेल, त्याचं घर. दुसऱ्यानं खाली शहरात कारखाना गाठावा." ते ऐकताना बिशेन्ता ताटात बघत राहायची. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. इनाशीला मात्र वर्षाच्या आत दिवस गेले.

मूल जन्मलं, पण रडलं नाही. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून चर्चच्या मातीत जागा नाही. नाव नाही, म्हणून नावाची मेणबत्ती नाही. इनाशी तापात पडली होती, तेव्हा सासूच्या सांगण्यावरून बिशेन्तानंच त्याला पाटीत घालून वळचणीखाली नेलं. पुढे सासरा वारस न ठरवताच गेला. भावाभावांनी भिंत घातली. ही बाजू बिशेन्ताच्या वाट्याला आली.

इनाशी काठी टेकत कोपऱ्यावरून वळली. भिंत झाल्यापासून तिनं इकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"कोल्दो, मशीन बंद कर."

"आता तू पण, आई?"

"तिथं तुझा मोठा भाऊ आहे."

कोल्दोनं जेसीबीवाल्याकडे बघून हात वर केला. घरघर थांबली. जेसीबीवाल्यानं टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून मांडीवर धरली.

"कुठल्या दगडाशी, जाऊबाई?" इनाशीनं विचारलं. "मी कधी विचारलं नाही. आज सांगा."

बिशेन्तानं सुरी कमरेला बांधलेल्या फडक्याआड लपवली आणि बोटानं दाखवलं. "कोपऱ्यापासून सातवा. वर कौल ठेवलंय. पालथं."

इनाशी कष्टानं गुडघ्यांवर बसली. तिनं गवतावर तळवा टेकला आणि तसाच राहू दिला, झोपलेल्याचा ताप बघावा तसा.

"हे ठिकाण मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "नुसता दगड ठाऊक नव्हता. माळ्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून वाकून बघायची मी. दरवर्षी तुमचा कोबी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये हातभर गवत. तिथं तुम्ही कधी कुदळ लावली नाहीत."

"इनाशी, ऊठ. ओल आहे."

"राहू द्या. मला वाटायचं, भिंतीपलीकडं का होईना, पोराजवळ एक आई आहे."

"असं बोलू नकोस."

"का नको? साठ वर्षं बोलायचंच राहिलं. तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला बोल लावला. सकाळी सुईणीला आणायला गेलात, दुपारी आलात, म्हणून सासूबाई कशा ओरडल्या! अहो, सुईणच दुसऱ्या गावी गेलेली, तर तुम्ही काय तिला आभाळातून आणणार होता?" तिनं वर बघितलं. "मी तुम्हाला कधी दोष दिला नाही, जाऊबाई. शपथ घेऊन सांगते."

कोल्दोनं पुढे होऊन आईला हात दिला. "काकू, चर नाही मारत," तो म्हणाला. "एखादं न्हाणीघर कमी करू. तुम्ही आत जा आता."

सगळं मिटलं होतं. बिशेन्तानं आत जायचं, बटाटे चुलीवर ठेवायचे, एवढंच उरलं होतं. ती दारापर्यंत गेलीही. मग चौकटीचा दगड धरून, मागे न वळता थांबली.

"सुईण घरीच होती, इनाशी. अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिच्या कुंपणाबाहेर बसून राहिले. बाराची घंटा झाली, मग हाक मारली."