चोरी शोधताना

धाकट्या भावजींचं गाणं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजायला लागलं आणि आमच्या ह्यांना अन्न गोड लागेना. दोघेही भाऊ संगीतकार. पण ह्यांची गाणी ऐकवायला घरातलं माणूससुद्धा धरून बसवावं लागतं.

"चाल माझी आहे. ढापलीय त्यानं. कोर्टात खेचतो की नाही बघ!"

वकील म्हणाले, "खुशाल खेचा. पण नेमकी कुठली ओळ ढापली, तेवढं दाखवा."

तेव्हापासून ह्यांच्या कानावरचा हेडफोन निघेना. जेवताना तेच गाणं, दाढी करतानाही तेच. कधी वेग कमी करून ऐकायचे, कधी पेटीवर आपल्या जुन्या चाली वाजवून ताडून बघायचे. चोरी काही सापडेना. "बासरीच्या मागे लपवलीय लबाडानं," म्हणत पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

परवा भावजींचा फोन आला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच. मी स्पीकरवर टाकला.

"दादा, गाणं सगळ्यात जास्त वेळा कुणी ऐकलं, ते ॲपवाले वर्षाच्या शेवटी आम्हाला कळवतात. तुझं नाव आलंय रे! आणि मी मूर्ख, इतके दिवस समजत होतो, तू माझ्यावर जळतोस."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग घसा खाकरून म्हणाले, "दोन नंबरला कोण आहे? आणि माझ्या किती मागे?"