मागावरचं बोलणं

एकाहत्तरची लढाई लढून पलटणीतून सुटलेला हवालदार दौलू माजी सैनिकांच्या प्रशिक्षणातून इचलकरंजीत यंत्रमाग शिकत होता. हात लवकर बसला, पण मागांच्या खडखडाटात उस्ताद रफिकचं एक अक्षर कळेल तर शपथ!

“कानानं काय ऐकताय हवालदार? ओठाकडं बघा की!” जेवणाच्या सुट्टीत रफिक खेकसला.

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी पलीकडच्या मागावरून रफिकनं नुसते ओठ हलवले, “आमच्यातलं झालासा आता.” दौलूला शब्द न् शब्द कळला. पलटण सुटल्यापासून त्याला कुणी आपल्यातलं म्हटलं नव्हतं. कधी एकदा घरी जाऊन बायकोला सांगतो, असं त्याला झालं.

गल्लीत वळला तर बायको तानाबाई लांब नळावर शेजारणीशी कुजबुजत होती. आवाज पोचत नव्हता. ओठ तेवढे स्वच्छ दिसत होते.

“आमचं हवालदार सुट्टीपुरतं यायचं, तेच बरं हुतं बाई.”

नवऱ्याला बघताच ती हसली, घागर कमरेवर घेऊन पुढं आली. “काय, आज काय नवीन शिकलासा?”

तिच्या ओठांवरची नजर काढून दौलू म्हणाला, “कायबी न्हाय.”