अंतर वाढवून पाहा

भाईंची पाडी चांदी अंगणातल्या विहिरीत पोहत होती, आणि काठावर उभी राहून त्यांची पुतणी संचिता मोबाइलात माणूस शोधत होती.

“गावात बघ गो आधी!”

“गावातच बघतंय, काकानू.”

गावाची सेवासूची तिनेच बनवलेली. काम लिहायचं, की जवळचा माणूस आधी दिसणार. तिने ‘विहीर’ लिहिलं, तर वैभववाडीचा विहीर खणणारा आला. ‘गाय’ लिहिलं, तर वेंगुर्ल्याची डेअरी. ‘दोर’ म्हटल्यावर थेट विजयदुर्गातलं जाळ्यांचं दुकान. आणि दर वेळी वर तीच ओळ : जवळ कोणी सापडले नाही. अंतर वाढवून पाहा.

“अगो, धोंडू खंय गेलो? शिवा खंय गेलो?”

“सूचीत नाव घातल्यार सापडतले ना! मी दारादारांनी फिरलंय. सगळे म्हणतत, आमका कोण वळखना नाय काय?”

चांदी हंबरली. आता तिचं नाक तेवढं पाण्यावर होतं.

“ह्यो माइक दाबलंय,” संचिता रडवेली झाली. “तुमका काय होया, ता तुम्हीच नीट सांगा.”

आता नीट मागायचं, तर भाईंना एकच रीत ठाऊक. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते मागणार, गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. त्यांनी चपला काढल्या, मोबाइल चिऱ्यावर ठेवला आणि हात जोडले. आवाज म्हणाल तर असा, की भाई वेंगुर्ल्यात शिंकले तर विजयदुर्गातले लोक ‘सत्य’ म्हणतात.

“बारा पाचाच्या देवा म्हाराजा! आज जी काय माझी पाडी बावीत पडली आसा, तिका वर काढूक जो कोण मरद आसात, तेका दोर घेवन हय धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” माडाच्या शेंड्यावरून धोंडू ओरडला आणि सरसर खाली आला.

“व्हय म्हाराजा!” अर्धी दाढी केलेला शिवा होडीचा दोर ओढतच धावला. कुंपणापलीकडून फ्रान्सिस्काबाय आली. तिच्या सात पिढ्या चर्चात गेल्या, पण गाऱ्हाण्याला ओ देणं काही सुटलं नव्हतं. तिच्यामागून अख्खी वाडी.

धोंडू विहिरीत उतरला, चांदीच्या पोटाखालून दोर घातला, वरून वाडीने ओढली. चांदी वर आली, थरथरली, आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी झटकून भाईंचा सदरा चघळू लागली.

संचिताने मोबाइल उचलला. माइक चालूच होता. शोधाच्या चौकटीत भाईंचं अख्खं गाऱ्हाणं आणि पुढे ‘व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा’. आणि त्याखाली : जवळ कोणी सापडले नाही. अंतर वाढवून पाहा.

भाईंनी ती ओळ वाचली. मग अंगणभर उभ्या असलेल्या त्या ओल्या, धापा टाकणाऱ्या गर्दीकडे बघितलं.

“अंतर वाढवू नको गो,” ते घाईने म्हणाले. “घरातली च्या-साखर पुरूची नाय.”