सांबराचा आहार

"काय खातं हो हे?" जाळीशी उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

"लिहितोच आहे, वाचा," खंडू स्टुलावरून म्हणाला.

बाईने वर पाहिलंही नाही. शिंगं कुणी कापली याची, हे चावतं का, दिवसभर असंच उभं राहतं का, एवढं विचारून ती मगरीकडे निघून गेली. मुलुंडच्या डोंगराला लागून असलेल्या या प्राणिसंग्रहालयात खंडू बावीस वर्षं सांबरांना चारा घालत होता. बावीस वर्षं लोक हेच विचारत होते आणि उत्तराला थांबत नव्हते. उत्तर समोरच्या पत्र्याच्या बोर्डावर होतं: आहार – गवत, झाडपाला, फळे. शेजारी लाल रंगात ‘प्राण्यांना खाऊ घालू नये’. त्या लाल अक्षरांना टेकून उभं राहूनच लोक आत वेफर्स टाकायचे.

परवा चंद्री सांबरीण गेली. पंधरा दिवस तिने चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांनी तिचं पोट उघडलं तेव्हा खंडू बादली धरून उभा होता. ती भरली, दुसरी आणावी लागली. आता आत तिचं पाडस एकटंच होतं, आणि कालपासून तेही गवताकडे पाठ करून जाळीशी उभं राहत होतं. उद्या रविवार. उद्या गर्दी उसळणार, प्रत्येक पोराच्या हातात पाकीट असणार.

म्हणून बादल्यांवर नंबर टाकायचा काळा रंग घेऊन खंडू स्टुलावर चढला होता. डॉक्टरांच्या कागदावर बघून तो ‘फळे’च्या पुढे एकेक शब्द उतरवत होता. बोर्डाची खालची कड आली तेव्हाच त्याने ब्रश खाली ठेवला.

तेवढ्यात सुपरवायझर विद्याधर साहेब फेरीला आले. त्यांनी बोर्ड वाचला आणि त्यांचं डोकंच फिरलं. कुणाला विचारून लिहिलं, लोक तिकीट काढून चार घटका मजा करायला येतात, लहान पोरं वाचतील, वर तक्रार गेली तर उत्तर कोण देणार, असं बरंच काही ते बोलले. परवा त्या दोन बादल्या पाहून ते असे चिडले नव्हते. परवा ते नाकाला रुमाल लावून निघून गेले होते.

"बोर्ड माहितीसाठी असतो, खंडू."

"माहितीच आहे ना, साहेब. कागदावर तुमची पण सही आहे."

"पुसून टाक. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

स्टुलाखालचा टर्पेंटाइनचा बोळा साहेबांनी स्वतः उचलून त्याच्या हातात कोंबला आणि हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. सोमवारी कामावर नसलो तर या पाडसाकडे बघणार कोण, हे त्याला कळत होतं. बोळा घेऊन तो पुन्हा स्टुलावर चढला.

मागून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात वेफर्सचं पाकीट. ते बघून पाडस लगबगीने पुढे आलं. गृहस्थांनी पाकिटाचा हात जाळीच्या वर नेला आणि मोबाइल सरसावला.

"तेजल, काय खातं गं हे? वाच बघू बोर्ड."

मुलगी दुसरी-तिसरीतली असेल. शाळेत उभं राहून धडा वाचावा तशी ती मोठ्याने वाचू लागली.

"आहार. गवत, झाडपाला, फळे, वेफर्सची पाकिटं चोपन्न, दुधाच्या पिशव्या नऊ, फुगे, गजऱ्याचा दोरा, बाटल्यांची झाकणं, केक कापायची प्लास्टिकची सुरी, लहान मुलाचा एक मोजा..." ती थांबली. "पप्पा, पुढे बोर्ड संपला."

गृहस्थांचा हात जाळीच्या वर तसाच राहिला.

"हे खरंय का हो?" त्यांनी विचारलं.

बोळा हातात धरून खंडूने खाली वळून पाहिलं.

"पुसू का, साहेब?"

विद्याधर साहेबांनी हाताची घडी सोडली आणि खिशातून रुमाल काढला.

गृहस्थांनी हात मागे घेतला, पाकीट मुठीत चुरगळलं आणि खिशात कोंबलं. त्या आवाजासरशी पाडस आणखी पुढे आलं, जाळीला नाक लावून मान वर करून उभं राहिलं. हा आवाज झाला की धावत यायचं, हे ते आईकडून शिकलं होतं.