महिनाभर उशाशी

"वाचलीस?" हेमांगीने विचारलं. तिच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित महिनाभर नवऱ्याच्या उशाशी पडून होतं.

"हो, झकास जमलीय," मोबाइलवरचं बोट न थांबवता अनंत म्हणाला.

"मग शेवटी नायिका घर सोडते का?"

त्याचं बोट स्क्रीनवरच थबकलं. हेमांगीने मोबाइल हिसकावून घेतला. "खोटं कशाला बोलतोस? एके काळी अख्खी पुस्तकं एका बैठकीत संपवायचास!"

"रोज उघडतो गं," त्याचा आवाज पडला. "अर्ध्या पानावर मन उडतं, हात फोनकडे जातो. लाज वाटली सांगायला."

तिचा संताप ओसरला नाही. कागद ओढून तिने चढ्या आवाजातच वाचायला घेतलं. "ऐक आता. मध्येच उठलास तर याद राख!"

बऱ्याच वेळाने ती पाणी प्यायला थांबली, तर तोच खेकसला, "अगं, थांबलीस काय? पुढे वाच!"